दिवसाआडचा शंख

आमच्या लक्ष्मीनारायणाच्या मंदिरात सायंकाळच्या आरतीला आता शंख वाजत नाही. गाभाऱ्याच्या उजव्या कोनाड्यात तो तांबड्या वस्त्रात गुंडाळून ठेवलेला आहे. त्याला गंध लागते, त्याच्यावर अक्षता पडतात. पण ज्याच्या श्वासाने त्याला वाचा होती तो हासुराम गेला. आरतीच्या वेळी आता भिंतीवरचे बटण दाबले की एक विजेचे यंत्र नगारा, झांज आणि घंटा एकदम बडवू लागते. विश्वस्तांनी हे यंत्र आणले त्या दिवशी हासुराम खांबाला टेकून बसला होता. वर-खाली होणाऱ्या त्या लोखंडी दांड्यांकडे त्याने बराच वेळ पाहिले आणि मला म्हणाला, "गुरुजी, ह्यो तं लूमच लावला देवाला." मग तो हसला. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला आरती संपली तरी थांबला नाही.

हासुराम वळ गावचा. त्याच्या घरची भातशेती पुढे गोदामांच्या पायाखाली गेली. परंतु त्याआधीच, मिसरूड फुटण्याच्या वयात, तो भिवंडीत यंत्रमागावर, तिथल्या बोलीत लूमवर, लागला होता. दिवसाची शिफ्ट सुटली की तो मंदिराच्या नळावर हातपाय धुई आणि ओल्या पावलांनी वर येई. ठेंगणा, रुंद छातीचा, मानेने जाड. हातपाय कितीही धुतले तरी त्याच्या भुवयांवर कापसाची भुरी राहायचीच. मी म्हणे, "हासुराम, भुवया पूस." तो म्हणे, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. देवाला कलू दे मी कुटून आलो."

शंख त्याला कोणी शिकवला नव्हता. पूर्वी वाजवणारे वृद्ध गृहस्थ निवर्तले तेव्हा त्याने, "मी बगू का?" एवढेच विचारले होते. त्याचा नाद खालून, जमिनीतून यावा तसा उठे. आता संपला असे वाटावे, तेथून तो पुन्हा उचलला जाई. आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट अहोरात्र चालू असतो, त्याला देवाधर्माची सुट्टी नाही. पण तो नाद त्या खडखडाटावरून तरंगत रस्त्याच्या वळणापर्यंत जाई, आणि हातगाडी ओढणारा क्षणभर गाडी टेकवून कपाळाला हात लावी. श्वास हे परमेश्वराने प्रत्येकाला दिलेले भांडवल. हासुरामने ते रोज त्याच्याच दारात मोकळे केले, असे मला त्या वेळी वाटत असे.

बोलणे मात्र त्याचे असे की गाभाऱ्यातल्या समया थरथराव्यात. मागाच्या खोलीत आयुष्य गेलेली माणसे मोठ्यानेच बोलतात, आणि त्या गोंगाटात शब्द ऐकू येत नसल्यामुळे एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. हासुराम या विद्येत इतका तरबेज होता की त्याच्यासमोर पुटपुटणेही धोक्याचे. एकदा मी देवाच्या बाजूला बसून, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत स्तोत्र म्हणत होतो, तर आरतीनंतर तो सभामंडपातून ओरडला, "गुरुजी, आज स्तोत्राची एकच वल दोनदा बोल्लात. ध्यान कुटं व्हतं?" जमलेली मंडळी हसली. ध्यान खरोखरच अन्यत्र होते.

त्याची एक म्हण होती, म्हण कसली, श्वासोच्छ्वासच: "वाटलं तं पुरतं." प्रसादाचा पेढा हातावर पडला की तो त्याचे दोन तुकडे करी. एक तोंडात टाकी, दुसरा कागदात बांधून खिशात ठेवी. तो दुसरा तुकडा इद्रीसचा.

इद्रीस हा त्याच्या शेजारच्या मागावरचा कारागीर. आजमगढकडचा, उंच, वाकलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा. दोघांनी एकाच भिंतीलगत, एकाच खिडकीच्या उजेडात, एकच धूळ खाऊन आयुष्य काढले होते. कधी कधी तो आरती संपेपर्यंत मंदिराच्या फाटकाबाहेर उभा राही. मला "पंडितजी, सलाम" म्हणे आणि हासुरामला छेडी: "अरे हासू, तेरा भगवान रोज पेढा खाता है, शुगर नहीं होती उसको?"

"उसका सब हम खाते हैं ना. होएगी तो हमकोच होएगी."

"तो आधा मेरे को क्यों देता है?"

"शुगर पण वाटून घेऊ," हासुराम म्हणे आणि कागदाची पुडी फाटकातून बाहेर देई.

पुढे शंखाचा नाद आखूड होऊ लागला. प्रथम वाटले, थंडी आहे. मग उन्हाळा आला तरी नाद लांबेना. हासुराम मंदिराची पायरी चढण्याआधी नळाच्या कठड्यावर बसू लागला, आणि शेवटी एका सायंकाळी त्याने शंख ओठांना लावून तसाच खाली ठेवला. इद्रीसची गत तीच होती. नमाजाला जाताना मशिदीचा जिना त्याला एका दमात चढवेना. दोघेही आमच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांविषयी मी जे लिहिणार आहे ते जपून लिहिले पाहिजे. त्यांच्या वडिलांनी अर्ध्या भिवंडीची नाडी पाहिली होती. त्यांनी स्वतः महापुराच्या वेळी गुडघाभर पाण्यातून जाऊन रुग्ण तपासले होते. हिंदू असो, मुसलमान असो, वाड्याकडून आलेला कातकरी असो, "डॉक्टर बोल्ले" हे शब्द उच्चारले की वाद संपत असे. श्रुतीनंतर स्मृती म्हणतात. आमच्या गल्लीत श्रुतीनंतर डॉक्टर होते.

त्या सुमारास डॉक्टरांच्या दवाखान्यात काचेची एक नवी खोली झाली. तीत संगणक आला, संगणकाला जोडलेली नळी आली आणि नळीत फुंकायला लावणारी एक चुणचुणीत तरुणी आली, जिला सगळे मॅडम म्हणत. एका औषधकंपनीच्या नव्या औषधाचा अभ्यास निवडक दवाखान्यांतून होणार होता, त्यांतला एक आमच्या डॉक्टरांचा. धुळीने दम गेलेले रुग्ण हवे होते. भिवंडीत असे रुग्ण शोधावे लागत नाहीत.

हासुराम तो संमतीचा कागद घेऊन माझ्याकडे आला. सही त्याने अजून केली नव्हती. "गुरुजी, तुमी वाचा. मी तं चौथीतून पलालो."

मी चष्मा लावून सभामंडपात बसलो आणि आरंभापासून वाचू लागलो.

"हा एक अभ्यास आहे, असे लिहिले आहे."

"कोन करनार अभ्यास? मी?"

"तू नव्हे. डॉक्टर करणार. तुझ्यावर."

"माझ्यावर? मी काय पाटी हाय?"

मी पुढे वाचले. काहींना खरे औषध मिळेल, काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले चूर्ण मिळेल. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. हे मी त्याला दोनदा, सोप्या शब्दांत सांगितले. तो हसला. "कागदात असंच लिवतात, गुरुजी. गोदामाच्या कागदात पन काय काय लिवलं व्हतं. डॉक्टर खाली डबी कशाला देल? त्याच्या बापानं माज्या बापाला मरताना पानी पाजलंय."

मग त्याचे बोट एका शब्दावर थांबले. तो शब्द प्रत्येक परिच्छेदात होता, म्हणून त्याला त्याचा आकार ओळखता येऊ लागला होता. "ह्यो सारका सारका काय येतोय?"

"सहभागी," मी म्हणालो. "म्हणजे तू. कागदात तुला सहभागी म्हटले आहे."

"म्हंजी?"

शब्दाची फोड करून सांगणे हा माझा जन्माचा व्यवसाय. "सह म्हणजे संगे. भाग म्हणजे वाटा. जो इतरांसंगे वाट्याचा धनी आहे, तो सहभागी. वाटेकरी."

हासुरामचा चेहरा उजळला. "वाटेकरी! मंग बराबर हाय." आणि त्याने तेथेच, देवाच्या साक्षीने, मोठमोठ्या अक्षरांत सही केली.

त्या शब्दाचा अर्थ मी आजही तोच सांगेन. व्युत्पत्ती खोटी नव्हती. ज्यांनी तो शब्द त्या कागदावर घातला, त्यांना त्याचा अर्थ मानायचा नव्हता, एवढेच.

इद्रीसनेही सही केली. दोघांना सारख्याच डब्या मिळाल्या: एक लहानसे प्लास्टिकचे यंत्र आणि त्यात घालून ओढायच्या कॅप्सुली. काही आठवडे गेले, आणि एका सायंकाळी आरतीच्या आधी हासुराम कोनाड्यापाशी जाऊन उभा राहिला. मी शंख धुऊन त्याच्या हाती दिला. नाद उठला. पूर्वीसारखा लांब नव्हता, मध्ये किंचित फाटला; पण उठला, आणि वळणापर्यंत गेला. माझ्या डोळ्यांना पाणी आले, आणि मी ते निरांजनाच्या धुरावर ढकलले.

त्या दिवसांत हासुराम भलताच आनंदात होता. काचेच्या खोलीतल्या नळीला तो "कंप्युटरचा शंख" म्हणे. "मॅडम बोलते, फुका, फुका, अजून फुका! मी बोल्लो, बाय, एवड्यात तं आरती झाली असती." आणि स्वतःच खदखदून हसे. फाटकाबाहेर इद्रीस मात्र एक हात गजाला धरून उभा असे. त्याचा दम होता तसाच होता.

"मेरे डब्बे में तो आटा है, पंडितजी," तो एकदा मला म्हणाला. म्हणताना हसला, पण हसण्याइतकाही श्वास त्याच्यापाशी उरला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आले की शंख एक दिवस वाजतो आणि दुसऱ्या दिवशी वाजत नाही. न वाजण्याच्या दिवशी हासुराम खांबापाशी बसून राही. मला वाटले, प्रकृती पुन्हा ढासळते आहे. मी विचारले, "आज शंख नाही?"

"न्हाय, गुरुजी," तो सहज म्हणाला. "आज इद्रीसचा दिस हाय."

त्यांनी वाटणी केली होती. एक दिवस हासुराम आपल्या डबीतून औषध घेई आणि इद्रीस स्वतःच्या डबीतले ते निःसत्त्व चूर्ण. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. ज्या दिवशी शंख वाजत नसे, त्या दिवशी इद्रीस मशिदीचा जिना न थांबता चढत असे. हासुरामला त्यात काही विशेष वाटत नव्हते. "दम दोगांचा गेला ना? मंग एकट्याचा कसा परत येल?" मी त्याला म्हणालो, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. तो म्हणाला, "सांगनारच हाय. चोरी थोडीच हाय?"

आणि त्याने सांगितले. मी त्या दिवशी रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. काचेच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते, आणि हासुरामचा आवाज तर दार बंद असतानाही रस्त्यावर जाणारा. प्रथम डॉक्टरांचे समाधानाचे शब्द ऐकू आले, मग हासुराम अभिमानाने म्हणाला, "अर्ध्या दवेत एवडा फरक, डॉक्टर! पुरी घेतली असती तं घाट चडलो असतो."

"अर्ध्या? अर्ध्या म्हणजे?"

त्याने सर्व सांगितले. मग मॅडमचा बारीक आवाज आला, "सर, दोघांनाही स्टडीतून काढावं लागेल."

"हासुराम, तू काय केलंस हे!" डॉक्टर उभे राहिले होते. "सगळा डेटा खराब केलास. आता हे वरती कळवावं लागेल मला. माझ्या सेंटरवर बोट येईल. ते औषध तुझं नव्हतं वाटायला!"

"मंग कोनाचं व्हतं?"

डॉक्टर टेबलावरचे कागद उलटू लागले.

"कागदावर लिवलं व्हतं," हासुराम म्हणाला. "वाटेकरी."

"वाटेकरी? कोणी सांगितलं तुला?"

त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मीच बाकावरून उठलो आणि दारात उभा राहून म्हणालो, "डॉक्टर, शब्द सहभागी असा आहे. अर्थ मी सांगितला."

माझ्या वयाचा मान राखून डॉक्टरांनी राग गिळला. न्यायाने पाहता त्यांचा संताप निराधार नव्हता, हेही लिहिले पाहिजे. अशा अभ्यासाचे नियम असतात. ते मोडले तर निष्कर्ष चुकतात, आणि चुकलेल्या निष्कर्षाची किंमत पुढचे रुग्ण मोजतात. हे मला कळते. परंतु पुढच्या रुग्णांची चिंता वाहणाऱ्या त्या खोलीत समोरचे दोन रुग्ण कोणाचे होते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

हासुरामने सदऱ्याच्या खिशातून ते यंत्र आणि उरलेल्या कॅप्सुली काढून टेबलावर ठेवल्या. "एवडं तरी सांगा, डॉक्टर. माझी डबी भरलेली व्हती का खाली?"

"मलाही माहीत नाही. माहीत असायचंच नसतं. कधी कधी माणसाला विश्वासानंही बरं वाटतं, हासुराम."

"विश्वास तं इद्रीसचा पन व्हता," तो म्हणाला.

डॉक्टरांनी जुना पंप पुन्हा लिहून दिला, पुढच्या तपासणीला यायला सांगितले आणि पाठीवर हात ठेवला. हे सर्व त्यांनी मनापासून केले. पण जुन्या पंपाने शंख वाजत नव्हता, जिना चढवत नव्हता, हे सर्वांनाच ठाऊक होते. नवे औषध बाजारात नव्हते. ज्यांनी नियम पाळले त्यांचेही ते अभ्यास संपल्यावर बंद झाले. पुढे दवाखान्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी काचेच्या चौकटीतले एक प्रशस्तिपत्र लागले. संशोधनातील मोलाच्या योगदानाबद्दल त्यात डॉक्टरांचे नाव होते. ज्यांनी नळीत फुंकले त्यांच्यापैकी कोणाचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. ते सहभागी होते.

इद्रीसला त्याचा मुलगा गावी घेऊन गेला. जाताना तो फाटकापाशी आला, गजांतून हात आत घालून त्याने हासुरामचा हात धरला. "चल हासू, अब रोज तेरा दिन."

"डबी कुटं हाय आता? रोज कोनाचाच दिन न्हाय."

"तो पेढा तो है ना. पूरा खाना." असे म्हणून तो रिक्षात बसला. त्या हिवाळ्यातच फोन आला, इद्रीस गेल्याचा. हासुरामने ही बातमी मला सांगितली तेव्हा त्याचा आवाज प्रथमच हळू होता. त्याने शंख मागितला. मी दिला. त्याने तो ओठांना लावला, डोळे मिटले, छाती भरण्याचा प्रयत्न केला. शंखातून केवळ वारा आला. फुंकणीतून येतो तसा, नादाविना. त्याने शंख सदऱ्याने पुसून परत दिला. त्यानंतर त्याने तो कधी मागितला नाही, आणि विश्वस्तांनी यंत्र आणले.

मी त्याला अखेरचे नीट पाहिले ते डॉक्टरांमुळेच. डॉक्टरांच्या मुलाला परदेशी शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, म्हणून ते सहकुटुंब देवाला आले होते. येताना पेढ्यांचे मोठे खोके घेऊन आले. हासुराम नेहमीच्या खांबापाशी होता. छाती तेवढीच रुंद, पण आतून रिकाम्या कणगीसारखी. माग त्याने केव्हाच सोडला होता. भुवयांवर आता कापूस नव्हता, आणि त्यामुळे चेहरा कोणा परक्याचा वाटत होता.

आरती संपली. मी प्रसाद वाटू लागलो. यंत्राचे बटण बंद करायचे राहून गेले होते, आणि त्या नगाऱ्याच्या कल्लोळात कोणाचे काही कोणाला ऐकू येत नव्हते. डॉक्टर हासुरामपाशी गेले. वाकून, चांगल्या अंतःकरणाने, त्यांनी काहीतरी विचारले. मला शब्द ऐकू आले नाहीत. पण त्यांचे बोट कोनाड्याकडे होते, म्हणजे प्रश्न शंखाविषयीच असावा.

हासुरामला ऐकण्याची आवश्यकता नव्हती. त्याने ओठ वाचले. मग हातावरच्या पेढ्याचे सवयीने दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला, दुसरा डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "आज इद्रीसचा दिस हाय, डॉक्टर." मी तेथपर्यंत पोहोचलो होतो, म्हणून मला ते कळले. डॉक्टर कानामागे हात धरून पुन्हा वाकले.

मी जाऊन यंत्र बंद केले. मंदिर एकदम निःशब्द झाले. तोवर हासुराम पायऱ्यांपाशी गेला होता आणि उतरण्यापूर्वी, श्वास गोळा करण्यासाठी, पहिल्याच पायरीवर बसला होता. त्याची पाठ आमच्याकडे होती.

"काय म्हणाला तो?" डॉक्टरांनी मला विचारले. त्यांनी तळहाताकडे पाहिले.

"आणि अर्धाच का दिला?"